गिअरबॉक्स गळतोय, ग्रीस भरू का?

प्रश्न (निफाडहून एक बागायतदार) : काका, द्राक्षबागेत गवत मारायला मिनी ट्रॅक्टरवरचा स्लॅशर आहे, तीन वर्षं झाली घेऊन. मागच्या पावसाळ्यापासून गिअरबॉक्सच्या खालून ऑइल गळतंय. सील (शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी) दोनदा बदलला, दहा-बारा दिवस कोरडं राहतं की परत सुरू. आता मिस्त्री म्हणतो ऑइल काढून टाक आणि ग्रीस ठासून भर, परत गळायचं नाव घेणार नाही. भरू का?

उत्तर : नका भरू दादा. मिस्त्री म्हणतो ते एका अर्थी खरंय, गळायचं थांबेल. पण ऑइल कसं, गिअर फिरला की उडतं, वरच्या बेअरिंगला पण लागतं, दातांवरून वाहून परत खाली येतं. बेअरिंगचं घट्ट ग्रीस दातांनी एकदा बाजूला सारलं की तिथंच भिंतीला थापून बसतं, परत दाताकडे येतच नाही, आणि मग डबाभर ग्रीस आत असून क्राऊन-पिनियन (एकमेकांत फिरणारे आतले दोन गिअर) कोरडेच घासत राहतात. वरून सगळं छान स्वच्छ दिसतं, हीच तर गोची आहे. काही बॉक्सना पातळ, वाहतं ग्रीस चालतं, डब्यावर ०० नंबर असतो, पण ते तुमच्या मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असेल तरच.

आता मला सांगा, दोन सील लागोपाठ गेले, म्हणजे चूक सीलची कशी असेल? त्याला मारणारं काहीतरी तिथंच बसलंय, ते काढल्याशिवाय तिसरा आणू नका.

पहिल्यांदा खाली बघा, ब्लेडच्या पॅनच्या वर, जिथं शाफ्ट बॉक्समधून बाहेर येतो तिथं. बागेत काय काय पडलेलं असतं तुम्हाला माहितीय, बांधणीची सुतळी, तारेचा तुकडा, ठिबकची जुनी लॅटरल, खताच्या गोणीचा दोरा. स्लॅशर ते ओढून घेतो आणि शाफ्टला गुंडाळत गुंडाळत वर सीलपर्यंत नेतो, तिथं ते घासून तापतं आणि सीलची लिप, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, कापली जाते. वरून उभं राहून काही दिसत नाही, खाली वाकूनच बघावं लागतं आणि चाकू घेऊन कापून काढावं लागतं. आणि हे करताना इंजिन बंद, किल्ली खिशात, मशीनखाली लाकडी ओंडके. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका, आणि पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनावरून मशीन फिरवणारी मागची जोडणी) बंद केला तरी ब्लेड लगेच थांबत नाही, पूर्ण थांबेपर्यंत सीटवरच बसून राहा.

तिथं काही सापडलं नाही तर वरचा ब्रीदर काढा. बॉक्सच्या डोक्यावर बारीक भोक असलेलं बूच असतं ना, तेच. बॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला ही एवढीच वाट. धूळ आणि गवताचा भुसा बसून भोक बुजलं की हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत ऑइल घेऊन येते. आणि बऱ्याच मशीनवर तर ब्रीदर हरवलेला असतो न् तिथं कुणीतरी साधा बोल्ट मारून ठेवलेला असतो, मग कितीही महागातला सील आणा, टिकायचाच नाही. ब्रीदर डिझेलमध्ये धुवा, फुंकून बघा आरपार हवा जाते का, बदलायला लागलाच तरी सीलपेक्षा काही जड जात नाही खिशाला. ऑइल लेव्हलच्या वर भरलेलं असलं तरी असंच होतं बरं का, 'थोडं जास्त असू दे' हा हिशोब इथं चालत नाही.

तरीही गळत असेल तर मग बॉक्स खोलायची वेळ. जुना सील निघाला की शाफ्टवर जिथं लिप घासते तिथून नख फिरवा. नख अडकलं म्हणजे शाफ्टला चर पडलाय आणि नवीन सील त्याच चरात बसणार. जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे बसवता येतो, नाहीतर त्या जागी पातळ स्टीलची स्लीव्ह चढवून मिळते, चांगला लेथवाला करून देतो. आणि खोलायच्या आधी पॅनखाली पहार घालून वरखाली करून बघा. हातात प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर बेअरिंग गेलंय, मग शाफ्टच डुलतोय तर सील बिचारा काय धरणार.

बेअरिंग तीन वर्षांत का गेलं ते पण शोधा. माझा पहिला संशय ब्लेडवर. एक ब्लेड नवीन, एक झिजलेलं, किंवा एकालाच धार लावून दुसरं तसंच ठेवलेलं, की मशीन थरथरायला लागते. स्लॅशरचा गिअरबॉक्स वेग वाढवतो, रेशो १:१.९३ असेल तर पीटीओच्या ५४० फेऱ्यांना पॅन मिनिटाला हजाराच्या वर फिरतं, तिथं थोडासा वजनातला फरक पण बेअरिंगला हातोडीसारखा लागतो. ब्लेड नेहमी जोडीने बदला, वजन काट्यावर करून. पॅनचा मोठा नट सैल आहे का आणि त्याची कॉटर पिन जागेवर आहे का तेही लगेहात बघून घ्या.

नवीन सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, लिपला ऑइलचं बोट फिरवा, आणि शाफ्टच्या खाचांवर पातळ प्लास्टिक गुंडाळून मगच वरून सरकवा, नाहीतर बसवतानाच लिप चिरते आणि दोष दुकानदाराला जातो. स्क्रूड्रायव्हरने एकेका बाजूने ठोकू नका, त्या मापाच्या पाइपच्या तुकड्याने सगळीकडून सारखं दाबा.

प्रश्न (तासगाव) : नवीन स्लॅशर घेतला. गिअरबॉक्सला कोणतं ऑइल आणि कधी बदलायचं? शेजारी म्हणतात ट्रॅक्टरचं काढलेलं जळकं ऑइल टाकलं तरी चालतं.

उत्तर : जळकं ऑइल अजिबात नको, त्यात काजळी असते आणि दातांवरचा भार धरायची ताकद नसते. साधारण सगळ्याच स्लॅशरला ९० नंबरचं ईपी (जास्त दाब सोसणारं) गिअर ऑइल लागतं, तरी पुस्तक एकदा बघा. पहिलं ऑइल ५० तासांच्या आसपास काढून टाका कारण नवीन दात एकमेकांत बसताना भुकटी सोडतात. त्यानंतर सीझनला एकदा बदललं की झालं. काढलेलं ऑइल पांढऱ्या डब्यात घ्या. बारीक करडी भुकटी असेल तर काळजी नाही, चकाकणारे कण किंवा दाताचा कपचा दिसला तर बॉक्स उघडा. ऑइल ताकासारखं दिसलं तर पाणी गेलंय, बहुतेक प्रेशरने धुताना सीलवर किंवा ब्रीदरवर धार मारली असणार. लेव्हल बघताना मशीन सपाट जागेवर, जमिनीवर टेकवलेली आणि थंड पाहिजे, बाजूच्या लेव्हल बोल्टच्या भोकापर्यंत ऑइल आलं की बस.

प्रश्न (शिरोळ) : उसाचं पाचट मारतो. शिअर बोल्ट सारखा तुटायचा, वैताग आला म्हणून दुकानातून चांगला हाय टेन्साइल (जास्त मजबूत) टाकला. दोन दिवसांत पिनियनचा दात गेला. मशीनच हलक्या मालाची आहे का?

उत्तर : मशीनला बोल लावू नका, तो बोल्ट तुटायलाच ठेवलेला असतो हो! ब्लेड बुंध्यात किंवा दगडात अडकलं की झटका कुठंतरी जाणार, बोल्ट तुटला नाही तर दात तुटणार, तुमचं तेच झालं. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेला बोल्ट कंपनीने सांगितला असेल तरच टाका, नाहीतर कंपनी देते तसाच आणि त्याच मापाचा, दहा-बारा नग टूलबॉक्समध्ये ठेवून द्या. सारखा तुटत होता त्याचं कारण मात्र शोधायला हवं होतं, पाचटाच्या दाट पट्ट्यात गिअर कमी करत होता का? पीटीओ एकदम फुल रेसवर टाकायची सवय आहे का? कमी रेसवर जोडा आणि मग हळूहळू वाढवा.

प्रश्न (दिंडोरी) : पीटीओ शाफ्ट नवा टाकल्यापासून मशीन उचलली की गिअरबॉक्समध्ये कट-कट आवाज येतो.

उत्तर : शाफ्ट लांब पडत असणार. स्लॅशर खाली-वर करताना कुठंतरी शाफ्ट सगळ्यात आखूड होतो, तिथं आतल्या-बाहेरच्या नळीत किमान इंचभर तरी जागा उरली पाहिजे, नाहीतर तो पिनियनला सरळ आत ढकलतो आणि पुढचं बेअरिंग मारतो. दोन्ही नळ्या सारख्या कापा, वरचं प्लास्टिक कव्हर पण तेवढंच, कापलेली धार घासून ग्रीस लावा. कापताना हात आखडता ठेवा, काम करताना नळ्या एकमेकांत निदान एक तृतीयांश तरी गुंतलेल्या राहायला हव्यात. दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे काटे) एका रेषेत आहेत ना तेही बघा, उलटसुलट जोडला तरी हाच आवाज येतो. आणि बांधावर वळताना फार वर उचलायची असेल तर आधी पीटीओ बंद.