वणव्याच्या दिवसांत घर सोडायची तयारी: डोंगरकडेच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

मुळशी, भोर, मावळ, जुन्नर भागातल्या वस्त्यांवरून आलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतले आहेत. बाकीचे याच चारांच्या पोटात येतात.

प्रश्न (मुळशी): घराच्या खालच्या अंगाला कमरेइतकं गवत आहे. दुकानदार म्हणतो, ग्लायफोसेट हे तणनाशक दुप्पट मात्रेत मारा, जाळपट्टा (आग अडवायला गवत काढून ठेवलेली मोकळी पट्टी) तयार होईल. मारू का?

नाही. ग्लायफोसेट हिरव्या, वाढत्या पानातून आत शिरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत आधीच वाळलेलं असतं. वाळक्या पानावर ते एकपट मारा नाहीतर चौपट, पैसे मातीत जातात. मात्रा वाढवली म्हणून काडी जमिनीतून उठून जात नाही. ऑक्टोबरात मारलंत तर गवत मरेल, पण उभंच राहील आणि इतर रानाच्या महिनाभर आधी पेटायला तयार होईल. शिवाय ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्राने २०२२ मध्ये काढली, हे दुकानदार सांगत नाही. तो मग म्हणेल, पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक न्या, दोन दिवसांत करपतं. करपतं हे खरं, पण करपलेलं गवतच तर पेटतं. आणि पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. जाळपट्ट्यासाठी बाटली घ्यायचीच नाही, कुठलीच.

पट्टा काढायचा तो दिवाळीच्या आसपास, जमिनीत ओल असते तेव्हा. फेब्रुवारीत जमीन दगड होते, फाळ वर उडतो आणि मग काम माचिसवर येतं. सपाटीला नांगराचे दोन फेरे आणि वखर. उताराला नांगर घालू नका, पहिल्याच पावसात माती ओढ्याला जाईल. तिथे गवत विळ्याने बुडखातून कापायचं, दाताळ्याने ओढून पट्ट्याबाहेर न्यायचं आणि राहिलेले ठोंब कुदळीने उकरायचे. कापलेलं गवत पट्ट्यातच वाळत ठेवलं तर पट्टा काढला नाही असंच समजा. रुंदी गुडघाभर गवताला १० फूट, कमरेइतक्या गवताला २० फूट, आणि रान खालून घराकडे चढत असेल तर ३०. आग चढावर जोरात धावते. उतार १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून वरच्या रानापेक्षा खालच्या रानाची काळजी जास्त. वरून आग सावकाश येते, मात्र पेटलेले ओंडके आणि शेण्या घरंगळत येतात, त्यासाठी वरच्या अंगाला एक चर पुरतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते यानंतर. दिवाळीला पट्टा लख्ख होतो आणि पुन्हा कोणी त्याकडे बघत नाही. जानेवारीपासून साग आणि ऐन पानं टाकतात. सागाचं एक पान सुपाएवढं. मार्चला जाऊन बघा, त्याच पट्ट्यावर घोटाभर पाचोळा असतो आणि आग त्यावरून चालत पलीकडे जाते. फेब्रुवारीपासून पहिला वळीव पडेपर्यंत दर १५ दिवसांनी झाडून घ्यायचा. कौलांच्या पन्हळीतला पाचोळाही त्याच दिवशी काढा. लांब पडलेली ठिणगी घर पेटवते ती बहुतेक तिथूनच.

प्रश्न (भोर): पट्टा आम्ही मार्चमध्ये जाळूनच करतो. राबही भाजतो, म्हणजे भाताची रोपं टाकायची जागा पालापाचोळा पसरून जाळतो. वर्षानुवर्षं चालत आलं आहे.

चालत आलं आहे आणि वणवेही त्यातूनच लागत आले आहेत. वन विभाग जाळरेषा जाळतो तो थंडीत, सकाळी, माणसं रांगेत उभी करून. तुम्ही दोघं जण, एक कळशी आणि मार्चची दुपार असा हिशेब जमत नाही. दुपारी वारा दरीतून वर चढतो. आग हातातून सुटली की ती राखीव जंगलातच जाते आणि मग भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ लागतं. जाळलं की पुढच्या साली गवत जोमाने येतं, हाही गैरसमज सोडा. वरची सुपीक माती उघडी पडते आणि जून-जुलैत वाहून जाते.

राबाऐवजी गादीवाफा करा. मी हे दर हंगामात सांगतो, यंदाही सांगतो. एक मीटर रुंद, ८ ते १० सेंटिमीटर उंच, लांबी शेताप्रमाणे. गुंठ्याला २५० किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक किलो युरिया. भाताच्या तुसाची काळी राख गिरणीवर मिळते, ती चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मातीत मिसळा. बी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळून त्यात बुडवायचं, तरंगेल ते फेकायचं, तळाचं दोनदा धुऊन सावलीत सुकवायचं. रोपं लालसर-पिवळी दिसली की दुकानदार टॉनिक आणि जादा युरिया देतो. गादीवाफ्यावर त्याची गरज नाही. जादा युरियाने रोप लुसलुशीत होतं आणि करप्याला बळी पडतं.

प्रश्न (मावळ): चार जनावरं, दहा शेळ्या, वैरणीच्या दोन गंज्या (रचलेले ढीग). आग आली तर आधी काय हलवायचं?

आग दिसेपर्यंत थांबलात तर फक्त माणसं हलवता येतात. धूर दिसला आणि वारा तुमच्याकडे आहे, एवढं पुरे. म्हातारी माणसं आणि मुलं लगेच गावठाणात, त्यांच्या मागोमाग जनावरं. सामान सगळ्यात शेवटी.

गोठ्यातली गाठ आजच बघून घ्या. दाव्याची गाठ ताणाने आवळत जाते. बैल बिथरला की ती सुटत नाही आणि विळा सापडत नाही. फेब्रुवारीपासून टोक ओढलं की एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारायची, आणि विळा दाराच्या चौकटीला कायम अडकवलेला ठेवायचा. नायलॉनचं दावं या चार महिन्यांत नको. ते उष्णतेने वितळून मानेच्या कातडीला चिकटतं. सुती किंवा घायपाताचं वापरा. वासराला आधी काढा, गाय आपोआप मागे येते. सगळी बाहेर आली की गोठ्याचा आगळ लावा. हे विसरू नका, कारण घाबरलेलं जनावर सवयीच्या दावणीकडे परत पळतं आणि आतच जळतं.

न्यायचं कुठे? खाली, नांगरलेल्या रानात किंवा चरून उघड्या पडलेल्या गायरानात. उभ्या उसाकडे नाही, ऊस फटाक्यासारखा पेटतो. घळीतून वर चढायचं नाही, घळ धुराड्यासारखी आग खेचते. खिंडीतही नाही. वाट अडलीच तर जळून काळी झालेली जमीन सुरक्षित, तिथे पुन्हा पेटायला काही उरलेलं नसतं. विहिरीत उतरू नका. आत धूर भरतो आणि वर ओढायला कोणी नसतं.

गंजी घरापासून आणि गोठ्यापासून १०० फूट लांब, आणि दोन गंज्या एकमेकींपासूनही लांब. एक गेली तर दुसरीवर पावसाळ्यापर्यंत निभतं. वर प्लॅस्टिकची ताडपत्री असेल तर ठिणगीने भोक पडतं आणि आतून धुमसतं. बाहेरून काही दिसत नाही. विझली असं वाटल्यावरही दोन दिवस हात घालून बघत राहा.

प्रश्न (जुन्नर): दुकानात आग विझवायचा गोळा आणि लहान सिलिंडर मिळतो. घ्यावा का? आणि बरोबर काय न्यायचं?

सिलिंडर घ्या, पण मोटरच्या स्टार्टरसाठी आणि स्वयंपाकघरासाठी. दोन किलोची भुकटी काही सेकंदांत संपते, गवताच्या आगीपुढे ती कुठेच पुरत नाही. गोळ्याचे पैसे वाचवा. त्या पैशांत २०० लिटरचे दोन पिंप भरून ठेवा, बाजूला चार गोणपाट. गोणपाट म्हणजे तागाचं. युरियाची रिकामी गोणी पाण्यात भिजवून आगीवर मारली तर ती वितळून तुमच्याच हातावर येते. मोटरवर भरवसा नको, वणव्यात वीज आधी जाते.

मार्चमध्ये "एप्रिलला दर वाढणार" म्हणून दुकानदार वर्षाची खतं-औषधं गळ्यात मारतो. घेऊ नका. पोटॅशियम नायट्रेट आणि कॅल्शियम नायट्रेट आगीला जोर देतात, गंधकाचा धूर छातीत बसतो. डिझेलचा कॅन आणि ही पोती एका खोलीत कधीच नको.

पिशवी आधीच भरलेली हवी: खरेदीखत, शाळेचे आणि जातीचे दाखले, रेशनकार्ड, पासबुक, दागिने, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या, बॅटरी, चार्जर. सातबारा शोधत बसू नका, तो ऑनलाइन निघतो. अंगावर सुती कपडे, पायात बूट. निघताना गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी लावा, मेन स्विच बंद, दारं-खिडक्या बंद पण कुलूप नको. गाडी तोंड रस्त्याकडे करून, टाकीत पेट्रोल ठेवून लावलेली असावी.

वणव्यासाठी १९२६, तातडीला ११२, आपत्ती कक्ष १०७७, जनावरांसाठी १९६२.

योजनांचं थोडक्यात: माणसाने लावलेली आग पीक विम्यात बसत नाही. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. घर-गोठ्यासाठी पंचनामा लागतो. जनावराच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्याचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा, बिल्ला जळाल्यावर जनावर कोणाचं ते दाखवता येत नाही.