कोच बदलल्यावर रिक्रूटिंग क्लासचा क्रमांक कसा वाचायचा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा ज्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या कोचला नोव्हेंबरमध्ये काढलं, नवा कोच आला, आणि तेवढ्यात रिक्रूटिंग क्लास, म्हणजे पुढच्या वर्षी संघात यायला सही करणाऱ्या शाळकरी मुलांचा गट, देशात पहिल्या पंचविसातून घसरून साठीच्या आसपास गेला. चार नावाजलेली मुलं ऐन वेळी दुसरीकडे सही करून मोकळी झाली. मुलगा म्हणतो, "आता माझी चारही वर्षं गेली." आणि तुम्ही विचारताय की हे खरं आहे का, आणि नसेल तर अशा क्लासकडे बघायचं कसं.

मी २००६ पासून अलाबामात हंट्सव्हिलला राहतो. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी कोच बदलताना पाहिला आणि तेव्हापासून हा विषय मनापासून धरला. माझं मत सरळ आहे. कोच बदलाच्या वर्षातला क्रमांक हा गेलेल्या कोचच्या मोडलेल्या संसाराचा हिशेब असतो. नव्या माणसाचं माप त्यात शोधू नका. त्याला दुसऱ्या क्लासवर मोजा. पहिल्या क्लासमध्ये फक्त एवढंच बघा की त्याने काय वाचवलं आणि कुठली गरज आधी ओळखली.

ही मुलं अकरावी-बारावीच्या वयाची असतात. दहावीपासून एखादा कोच त्यांच्या शाळेत येतो, घरी येऊन आईशी बोलतो, आजीने केलेलं जेवतो, रात्री मेसेज करतो. मुलगा कागदावर विद्यापीठाला हो म्हणतो, पण खरं तर तो त्या घरी आलेल्या माणसाला हो म्हणालेला असतो. तो माणूस गेला की होकारही डळमळतो. यात मुलाची गद्दारी नाही आणि नव्या कोचची नालायकीही नाही.

वर वेळापत्रकाची अडचण. पूर्वी सह्या फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी व्हायच्या. डिसेंबर २०१७ पासून आधीची एक खिडकी सुरू झाली आणि बहुतेक मुलं तेव्हाच सही करू लागली. आता ती खिडकी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात येते. नोव्हेंबरच्या शेवटी नेमलेल्या कोचच्या हातात मोजके दिवस उरतात. सहायक कोच नेमायचे, आधीच्या संघातल्या मुलांना थांबवायचं, आणि त्याच दिवसांत वीसेक घरांतला विश्वास परत मिळवायचा.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण पेन स्टेट विद्यापीठाचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी कोच जेम्स फ्रँकलिनला काढलं. नोव्हेंबरमध्ये फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला गेला आणि पेन स्टेटला शब्द दिलेली बरीच मुलं त्याच्यामागे गेली. ३ डिसेंबरला सह्यांचा दिवस उजाडला तेव्हा पेन स्टेटला कोचच नव्हता आणि दिवसअखेर सह्या झाल्या फक्त २. मॅट कॅम्बेलची नेमणूक त्यानंतर दोन दिवसांनी झाली. त्या दिवशीच्या क्रमांकावरून कॅम्बेलला जोखणं म्हणजे घर जळल्यावर आलेल्या माणसाला आगीचा जाब विचारणं. पुढे जानेवारीत तो आयोवा स्टेटमधल्या आपल्या जुन्या खेळाडूंचा मोठा ताफा, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा) रॉको बेक्टसह, पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, घेऊन आला. क्लासच्या क्रमांकात यातलं काहीच दिसत नाही.

आता मी स्वतः पाहिलेली गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

नोव्हेंबर २००६ मध्ये अलाबामा विद्यापीठाने कोच माइक शूलाला काढलं. जानेवारी २००७ च्या पहिल्या आठवड्यात निक सेबन मायामी डॉल्फिन्स हा व्यावसायिक संघ सोडून टस्कालूसाला, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावी, आला. तेव्हा सह्या फेब्रुवारीतच होत असल्यामुळे त्याला पाच आठवडे मिळाले. त्या पाच आठवड्यांच्या क्लासबद्दल कामावर कोणी उत्साहाने बोलत नव्हतं. पुढचा हंगामही तसाच गेला. मैदानावर ७ विजय, ६ पराभव, आणि नोव्हेंबरमध्ये लुइझियाना-मनरोसारख्या लहान संघाकडून घरच्या मैदानावर २१-१४ हार. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत अशी शांतता होती की दुखवट्याच्या घराची आठवण व्हावी. सेबनवरचे पैसे पाण्यात गेले, हे वाक्य मी त्या आठवड्यात किती जणांच्या तोंडून ऐकलं ते मोजता येणार नाही.

पण त्या घाईगर्दीच्या क्लासमध्ये रोलँडो मक्लेन होता, कारीम जॅक्सन होता. २०१० च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीत, दोघेही पहिल्याच फेरीत गेले, मक्लेन ८वा आणि जॅक्सन २०वा. त्याआधी जानेवारी २०१० मध्ये पॅसेडीनाच्या रोज बोलमध्ये टेक्ससला ३७-२१ असं हरवून अलाबामा अजिंक्य झाली, तेव्हा दोघेही बचावात होते. त्याच संघाचा क्वार्टरबॅक ग्रेग मॅकेलरॉय आणि पंट (लाथेने लांब मारलेला चेंडू) परत आणणारा हावियेर अरेनस ही दोघं शूलाच्या काळात आलेली. ज्या कोचला नालायक म्हणून काढलं, त्याने आणलेली मुलं तीन वर्षांनी अजिंक्यपदाच्या सामन्यात खेळत होती. म्हणून सांगतो, क्लासची बेरीज करताना आधी घरात शिल्लक काय आहे ते बघा. पेरणी एकाची आणि कापणी दुसऱ्याची, हे या खेळात दर काही वर्षांनी होतं. २००१ मध्ये मायामीचा अजिंक्य संघ लॅरी कोकरचा होता, पण खेळाडू जवळजवळ सगळे बुच डेव्हिसने गोळा केलेले.

आणि सेबनची खरी परीक्षा? ती होती फेब्रुवारी २००८. पूर्ण एक वर्ष हातात मिळाल्यानंतरचा क्लास. हूलियो जोन्स, मार्क इंग्रम, डोन्टा हायटावर, मार्सेल डेरियस, मार्क बॅरन, बॅरेट जोन्स, कोर्टनी अपशॉ. अशी नावं एकाच क्लासमध्ये क्वचित येतात. लुइझियाना-मनरोकडून हरून तीन महिनेही झाले नव्हते, तरी ही मुलं आली. हूलियो फोलीचा, म्हणजे आमच्याच राज्यातला, अख्खा देश त्याच्यामागे होता आणि तो घरीच राहिला. दुसऱ्या क्लासमध्ये हेच बघायचं असतं. राज्यातली सर्वोत्तम मुलं नव्या कोचला घरात घेतायत का? निकाल वाईट असतानाही घेतायत का?

क्रमांक बनतो कसा, हेही समजून घ्या, कारण अर्धी घाबरगुंडी तिथे कमी होते. तो मुख्यतः बेरजेवर चालतो. प्रत्येक मुलाला गुण असतात आणि वरच्या मुलांना जास्त वजन देऊन संघाची बेरीज काढतात. त्यामुळे २६ मुलांचा साधा क्लास १४ मुलांच्या चांगल्या क्लासच्या वर बसू शकतो. कोच बदलला की क्लास लहान होतोच. तुम्ही दर मुलामागची सरासरी बघा. सरासरी जागच्या जागी असेल आणि फक्त संख्या कमी झाली असेल, तर ती भूक आहे, आजार नाही. रिकाम्या जागा पोर्टलमधून भरता येतात. सरासरीच कोसळली असेल, म्हणजे ज्यांना मोठ्या विद्यापीठांपैकी कोणीच विचारलं नव्हतं अशा मुलांनी घाईत जागा भरल्या असतील, तर मात्र मी कपाळाला आठ्या पाडीन.

क्रमांक आणखी एका बाबतीत फसवतो. सही केलेला मुलगा प्रत्यक्षात राहिला का, हे त्यात नंतर कोणी तपासत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सेबन निवृत्त झाला आणि दोन दिवसांत वॉशिंग्टनहून केलन डीबोअर आला. डिसेंबरमधल्या सह्यांमुळे अलाबामाचा क्लास देशात अगदी वर होता. पण त्यातला क्वार्टरबॅक जूलियन सेयिन कॅम्पसवर येऊनही ओहायो स्टेटला निघून गेला आणि २०२५ मध्ये त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. आधीच्या वर्षीचा केलब डाउन्सही तिकडेच गेला आणि पहिल्याच हंगामात अजिंक्यपद घेऊन बसला. उलट रायन विल्यम्सने शब्द मागे घेतला होता, तो डीबोअरने परत मिळवला. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियाविरुद्ध ४१-३४ जिंकलो, त्यात शेवटचा ७५ यार्डांचा टचडाउन त्याच पोराचा. वय वर्षं १७. तो धावत असताना आमच्या दिवाणखान्यात कोणी बसलेलं नव्हतं. डीबोअरने जुन्या सहायकांपैकी फ्रेडी रोच आणि रॉबर्ट गिलेस्पी यांना ठेवून घेतलं होतं, हेही लक्षात घ्या. नव्या कोचने जुन्यातलं कोणाला ठेवलं ही पहिल्या महिन्यातली मोठी बातमी असते आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. मुलांच्या घरी पाय लागलेले असतात ते बहुधा सहायकांचे.

आता पोर्टल. २०१८ मध्ये ते सुरू झालं, २०२१ पासून एकदा बदली केली तर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. २०२५-२६ पासून तर विद्यापीठं थेट पैसे देतात, सगळ्या खेळांना मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. कोच बदलला की त्या संघातल्या मुलांसाठी पोर्टलचं दार वेगळं उघडतं, पूर्वी ३० दिवस, आता १५. त्यामुळे पहिल्या वर्षी तीन याद्या शेजारी ठेवाव्या लागतात. कोण राहिले, कोण गेले, कोण पोर्टलमधून आले. शाळेतून येणाऱ्यांचा क्लास ही चौथी यादी, आणि पहिल्या हंगामापुरती ती सगळ्यात कमी महत्त्वाची.

यावर इंडियानाइतका मोठा पुरावा दुसरा नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी तिथे आला तेव्हा संघ नुकताच ३ विजय, ९ पराभव असा हंगाम संपवून बसला होता. बास्केटबॉलचं गाव ते. सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आला आणि तिथले डझनभर खेळाडू घेऊन आला. एडन फिशर, डिअँजेलो पाँड्स, एलाइजा सॅरट, मिकेल कमारा. शाळेतून निघताना यांच्यामागे मोठ्या विद्यापीठांची रांग नव्हती. पण ते मैदानावर सिद्ध झालेले होते आणि कोचची पद्धत त्यांच्या अंगात मुरलेली होती. २०२४ मध्ये ११-२ आणि प्लेऑफ, म्हणजे अजिंक्यपदाची बाद फेरी. २०२५ मध्ये १६-० आणि अजिंक्यपद. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा, ज्याने शाळेत असताना आधी येलला जायचं ठरवलं होतं, बर्कलीहून पोर्टलमधून आला आणि हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, घेऊन गेला. हा सिग्नेटी २००७ मध्ये सेबनचा रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर होता, म्हणजे वर सांगितलेला २००८ चा क्लास जमवण्यात त्याचा हात होता. ज्याने तारांकित मुलांचा (जाणकार शाळेतल्या खेळाडूंना पाचपर्यंत तारे देतात) ढीग जमवलेला पाहिला, त्यानेच तारे बाजूला ठेवून संघ बांधला. मला ही गोष्ट फार भावते.

तरी एक सावधगिरी. इंडियाना अपवाद आहे. त्याआधीच्या अनेक वर्षांत अजिंक्य संघांच्या चार वर्षांच्या भरतीत अर्ध्याहून जास्त मुलं चार किंवा पाच तारे असलेलीच असायची. तारे खोटे नसतात. पण नुसते तारे पुरतही नाहीत. टेक्सस ए अँड एमचा २०२२ चा क्लास देशात पहिला होता, तोवरच्या सगळ्यात उंच गुणांचा. त्या हंगामात संघ ५-७ राहिला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशरला साधारण ७ कोटी ६० लाख डॉलर देणं पत्करून घालवलं. त्या क्लासमधली कितीतरी मुलं आज दुसरे रंग घालून खेळतात.

तुमच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट होती. गेलेल्या चार मुलांत दोन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे), एक कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) आणि एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा). रिसीव्हर आणि रनिंग बॅक पोर्टलमध्ये दरवर्षी मिळतात. खरी टंचाई असते ती हल्ला आणि बचाव या दोन्ही बाजूंच्या लाइनमनची, म्हणजे पुढच्या रांगेतल्या धिप्पाड खेळाडूंची. तीनशे पौंडांचा, पाय हलके असलेला टॅकल (त्याच रांगेतला खेळाडू) शाळेतून आणून दोन-तीन वर्षं पोसावा लागतो, बाजारात तयार मिळाला तर फार महाग मिळतो. नव्या कोचने त्या थोड्या दिवसांत पहिले फोन कोणाला केले ते शोधा. विद्यापीठाला शब्द दिलेले ऑफेन्सिव्ह (हल्ल्याच्या बाजूचे) लाइनमन त्याने टिकवले असतील आणि रिसीव्हर जाऊ दिले असतील, तर त्याला आपलं काम कळतं असं मी म्हणेन. उलट झालं असेल, नावासाठी एखादा चमकदार रिसीव्हर राखला आणि लाइन उघडी पडली, तर पुढच्या ऑक्टोबरमध्ये तुमचा क्वार्टरबॅक पाठीवर पडलेला दिसेल.

मुलाला सांगा, चार वर्षांपैकी पहिलं वर्ष अवघड जाऊ शकतं. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये बघायचं की तुमच्या राज्यातल्या पहिल्या दहा मुलांपैकी किती घरी राहिली. तेव्हाही तीच पडझड असेल तर त्याची काळजी खरी ठरेल, आणि मी ते तुम्हाला स्पष्ट सांगेन.

तोवर एवढं करा. सही केलेल्या मुलांची यादी, त्यांच्या जागा, आणि जुन्या संघातले कोणते लाइनमन राहिले ते इथे टाका. नव्या कोचने कोणते सहायक ठेवले तेही. रविवारी निवांत बसून एकेक नाव बघतो.