द.सा.द.शे. आणि मृत्युदर : 'दर' म्हणजे दर कशामागे?

नागपूरच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : "मुलांच्या प्रकल्पात महाराष्ट्राचा माता मृत्यूदर ३३ आणि अर्भक मृत्यूदर १६ असं आलं. वर्गातल्या एका मुलीने लगेच विचारलं, 'म्हणजे बाळांपेक्षा आया दुपटीने मरतात का?' दोन्हीकडे 'दर' हाच शब्द आहे, मग तिला काय सांगू? आणि मृत्यूदर लिहायचं की मृत्युदर?"

आधी त्या मुलीला शाबासकी द्या. जसं लिहिलं तसंच तिने वाचलं. चूक लिहिणाऱ्याची आहे. आकडे खरे आहेत. ते निवडक गावं-वस्त्यांतले जन्म-मृत्यू मोजणाऱ्या नमुना नोंदणी पद्धतीचे, म्हणजे आरोग्य खात्यातले लोक ज्याला एसआरएस म्हणतात त्याचे. अर्भकांचा आकडा २०२० सालचा आणि तो हजार जिवंत जन्मांमागे आहे. मातांचा २०१८-२० या तीन वर्षांचा आणि तो लाख जिवंत जन्मांमागे. दोन्ही लाखावर आणले, तर ३३ माता आणि १,६०० बाळं. एका मातेच्या मृत्यूमागे अठ्ठेचाळीस बाळांचे.

आता शब्दाकडे. दररोज, दरमहा, दरडोई यांतला 'दर' फारसीतून आलेला, अर्थ 'प्रत्येक'. आरोग्याच्या आकड्यांतला 'दर' हे नाम असलं, तरी तोही 'प्रत्येक किती?' हे विचारल्याशिवाय पुरा होत नाही. संत्र्यांचा दर विचारल्यावर नुसता आकडा ऐकून नागपूरकर पिशवी पुढे करत नाही. शेकडा, डझन की किलो, हे आधी विचारतो. शाळेत व्याजाची गणितं करताना आपण सगळ्यांनी 'द.सा.द.शे.' लिहिलं आहे : दरसाल दरशेकडा. किती काळात आणि कितीमागे, दोन्ही गोष्टी त्या चार अक्षरांत बसतात. आरोग्याच्या आकड्यांना मात्र आपण ही शिस्त लावत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'अर्भक मृत्युदर हजारी १६ (२०२०)' आणि 'माता मृत्यू लाखी ३३ (२०१८-२०)' असं लिहिलं असतं, तर त्या मुलीला कोडंच पडलं नसतं.

मातांच्या बाबतीत तर 'दर'पेक्षा 'प्रमाण' हा शब्द जास्त नेमका. कारण तिथे छेदात बाया नाहीत, जिवंत जन्मलेली बाळं आहेत. गरोदरपणातच दगावलेली बाई अंशात मोजली जाते, पण तिचं बाळ जन्मलंच नाही, म्हणून छेदात तिच्या वाटचं काही नसतं. १५ ते ४९ वयाच्या लाख स्त्रियांमागे किती माता दगावल्या, तो खरा दर. एसआरएस तोही वेगळा देते आणि तो आकडा बराच लहान असतो.

अंश आणि छेद कुठून येतात, तिथे भाषेची खरी परीक्षा आहे. माझी मावशी कामठी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्सबाई होती. तिच्या नोंदवहीत गरोदर बायांच्या पानावर शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात 'मा.' लिहिलेलं असायचं. मा. म्हणजे माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, त्यामुळे सासरच्या उपकेंद्राच्या वहीत नाव आहे आणि बाळ जन्मतं दुसऱ्याच तालुक्यात. तिकडची आशाताईही तिचं नाव लिहिते. दोन्हीकडचे आकडे नुसते मिळवले, तर एका बाळाची दोन होतात. ते 'मा.' पाहूनच मावशी महिन्याचा अहवाल भरायची.

हेच मोठ्या प्रमाणावर नागपूर शहरात घडतं. मेडिकल, मेयो, डागा या इथल्या सरकारी रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे लोक येतात. जन्म आणि मृत्यू जिथे घडतो तिथेच नोंदवायचा, हा १९६९ च्या कायद्याचा नियम. म्हणून 'नागपुरात झालेले मृत्यू' आणि 'नागपूरचे मृत्यू' हे दोन वेगळे आकडे आहेत. एकात 'त', दुसऱ्यात 'चे', पण फरक अख्ख्या विदर्भाएवढा. पहिल्याला शहराच्या लोकसंख्येने भागून त्याला शहराचा मृत्युदर म्हणणं चूकच. एसआरएस मात्र नमुन्यातल्या गावाचे आणि वस्तीचे नेहमीचे रहिवासी धरते. गावातला अर्धवेळ गणक वर्षभर नोंदी ठेवतो, पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे घरोघरी जातो आणि मग दोन्ही याद्या ताडून पाहतात.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत येतो तो केंद्रात आलेला माणूस. खाजगी डॉक्टरकडे गेलेला किंवा अंगावर ताप काढलेला तिथे नसतो. म्हणून केंद्राच्या आकड्यांना 'आलेल्यांपैकी' आणि शिबिराच्या आकड्यांना 'तपासलेल्यांपैकी' हे शब्द जोडायलाच हवेत. 'गावातल्यांपैकी' म्हणायचं तर छेद जनगणनेतून घ्यावा लागतो आणि २०२१ ची जनगणना लांबल्याने तो २०११ वरून अंदाजाने पुढे आणलेला असतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बातम्यांत तर अंशही तपासून पाहा. एसएस म्हणजे आजार असलेला, एएस म्हणजे वाहक, स्वतः आजारी नसलेला. वाहकाला 'रुग्ण' म्हणून बेरजेत घेतलं की आकडा फुगतो, आणि लग्नाच्या मुलीला विनाकारण आजारी ठरवलं जातं.

शुद्धलेखनाचं उत्तर सोपं आहे. 'मृत्यू' एकटा आला की दीर्घ. समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व राहतो : मृत्युपत्र, मृत्युलेख, तसंच मृत्युदर.