आवळलेल्या नटाखालची सही

तुझं पत्र वाचलं. आधीच्या शिफ्टनं विमानाचे नट आवळून ठेवले, ती माणसं घरी गेली आणि ज्येष्ठ तुला म्हणाला, "झालंय सगळं, तू फक्त सही टाक." तू नाही म्हणालास आणि आता उद्धटपणा झाला का म्हणून कुढतोयस. नाही झाला. जे तू केलं नाहीस, पाहिलं नाहीस, त्याखाली तुझी सही नाही.

वरून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क (पिळण्याचा जोर) येताच टक् करणारा पाना, लावून 'टक्' ऐकलं, म्हणजे तपासलं असंही समजू नकोस. जास्त आवळलेला नटसुद्धा टक् करतो. सुपरवायझरला सांगून कामाची नोंद आणि सह्या असलेल्या कार्डावर ते काम अपुरं दाखव. नट सैल करून मॅन्युअलप्रमाणे पुन्हा आवळ. सेल्फ-लॉकिंग (आपोआप सैल न होणारा) नट नुसत्या बोटांनी फिरत असेल तर टाकून दे.

रेंचवरची कॅलिब्रेशनची, म्हणजे तो अचूक असल्याचं तपासल्याची, तारीख बघ. आटे कोरडे हवेत की तेल लावलेले, तेही बघ; कोरड्यासाठीचा आकडा तेलकट आट्यांवर वापरलास तर बोल्ट नको इतका ताणला जातो. १२ इंची रेंचला ३ इंचांचा क्रोफूट (पुढं जोडायचा उघडा जबडा) सरळ रेषेत लावलास आणि टॉर्क १०० हवा असेल, तर रेंच ८० वर ठेवायचा. १०० वरच राहिला तर बोल्टवर १२५ पडतात, आणि टक् मात्र तसाच गोड येतो!

१० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या वन-इलेव्हन विमानाच्या कॉकपिटची काच १७,३०० फुटांवर निखळली. ९० पैकी ८४ बोल्ट जेमतेम ०.६६ मिलिमीटरनं बारीक होते, उरलेले ६ आखूड. शिफ्ट मॅनेजरनं ते जुन्या बोल्टाशी नजरेनंच जुळवले होते, पार्ट कॅटलॉग उघडला नव्हता. सही तर त्यानं स्वतःच्याच कामाखाली केली होती! म्हणून 'पाहिलं' म्हणजे पार्ट नंबर पाहिला, एवढंच धर.

मोठ्या कंपनीत एका कामावरून चार हात फिरतात, विमान वेळेत सोडायची घाई असते. मला कामं अडवणारा म्हणतात. म्हणू देत, उशिराची ओरड दोन दिवसांत विरते. संकोचानं गप्प बसलो ते प्रसंग आजही बोचतात, म्हणून इतकं ताडताड बोलतोय. रागावू नकोस.

नट आवळणारा आज रात्री पुन्हा कामावर येईल. कार्ड त्याच्यापुढं धर, त्यानं काय केलं ते विचार. पेनही तूच दे.