कार्पेट धुतले आणि चंद्रकोरी उमटल्या

प्रश्न : आमच्या पुण्यातील कार्यालयाच्या सभागृहात कापलेल्या लवेचे (वर धाग्यांची सुटी टोके उभी असलेले) अखंड कार्पेट अंथरलेले आहे. शनिवारी कंत्राटदाराच्या माणसांनी सिंगल डिस्क मशीनला (एकाच गोल तबकडीच्या फिरत्या यंत्राला) बॉनेट पॅड, म्हणजे द्रावणात भिजवलेली गोल गादी, लावून ते धुतले. सोमवारी सकाळी खिडक्यांतून ऊन आले तेव्हा सभागृहभर चंद्रकोरीसारख्या कमानी दिसू लागल्या. तक्रार केल्यावर त्यांनी त्याच यंत्राने पुन्हा धुतले, तर कमानी अधिकच गडद झाल्या. आता ते तिसऱ्यांदा धुऊ म्हणतात. धुऊ द्यावे का?
— कार्यालय व्यवस्थापिका, पुणे

उत्तर : देऊ नये. निदान या कमानी कशाच्या आहेत हे ठरेपर्यंत तरी त्या यंत्राला सभागृहात पाऊल ठेवू देऊ नये. यंत्राने उमटवलेल्या खुणेला आपण सवयीने डाग म्हणतो आणि डाग म्हटला की तो धुतलाच पाहिजे असे वाटते. पण या खुणांपैकी बऱ्याच खुणांमध्ये मळाचा अंशही नसतो, आणि जिथे मळ नाही तिथे तिसरी धुलाई केवळ तिसरी इजा करते.

ठरवण्यासाठी तीन साध्या परीक्षा आहेत, त्या याच क्रमाने कराव्यात. कार्पेट पूर्ण वाळलेले असताना प्रथम खिडकीकडे तोंड करून आणि मग खिडकीकडे पाठ करून त्याच कमानीकडे पाहावे, आणि तळहात कमानीच्या उलट दिशेने फिरवावा. उजळ दिसणारी कमान दुसऱ्या बाजूने काळपट दिसली आणि हात फिरवताच तिचा आकार मोडला, तर तो केवळ लवेचा कल आहे: फिरत्या पॅडने ओले धागे ज्या दिशेला निजवले त्या दिशेलाच ते वाळले. हाताने काहीच बदल झाला नाही, तर स्वच्छ पांढरे सुती फडके कोमट पाण्यात भिजवून, पिळून, कमानीवर वीस-पंचवीस वेळा घासावे. फडके बुळबुळीत लागले, किंवा ते वाटीभर पाण्यात खळबळल्यावर फेस आला, तर शॅम्पू धाग्यातच राहिलेला आहे. या दोन्ही परीक्षांतून काही निघाले नाही, तर भिंग घेऊन धाग्याची टोके पाहावीत. टोकांचा पीळ उलगडून ती कुंचल्यासारखी पिंजलेली असतील, अथवा बोटाला कडक आणि डोळ्याला काचेसारखी चकचकीत लागत असतील, तर धागाच दुखावला आहे.

लवेचा कल मोडणे सर्वांत सोपे. कोमट साध्या पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा आणि प्लॅस्टिकच्या दात्यांच्या कार्पेट-फणीने सगळी लव एकाच दिशेने, दारापासून आतल्या भिंतीकडे, विंचरत जावे. संपूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर कुणालाही चालू देऊ नये, कारण ओल्या लवेवर पडलेले पाऊलही तसेच वाळते. फणीने कमान हटली नाही आणि धागा नायलॉनचा असेल, तर ओले पांढरे पंचे कमानीवर अंथरून वरून इस्त्री किंचित अधांतरी धरावी. उष्ण वाफेने नायलॉन सैल पडतो आणि उभा राहतो. पॉलिप्रॉपिलीनवर मात्र हा प्रयोग करू नये. नायलॉन त्याच्या प्रकाराप्रमाणे साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतो, तर पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपासच. आपले कार्पेट कशाचे आहे हे कागदपत्रांत सापडत नसेल, तर कोपऱ्यातील एक धागा कापून पाण्यात बुडवावा, बोटांनी दाबून त्यातील हवा काढावी आणि सोडून द्यावा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगते. नायलॉन आणि पॉलिएस्टर तळाला जातात.

शॅम्पू उरला असेल तर तो कमानीच्याच आकारात का उरतो, हेही समजून घ्यावे. ही यंत्रे मिनिटाला सुमारे १७५ फेरे घेतात आणि चालवणारा ती डावीउजवीकडे झुलवत मागे सरकतो. प्रत्येक झोक्याच्या टोकाशी, दिशा बदलताना, यंत्र क्षणभर थबकते. तिथे पॅडमधले द्रावण अधिक झिरपते, आणि पॅड मळाने भरल्यावरही उलटले नसेल तर आधी उचललेला मळही तिथेच परत बसतो. त्याच यंत्राने पुन्हा धुतल्यावर पहिल्या शॅम्पूवर दुसरा थर चढला, म्हणून आपल्या कमानी वाढल्या असाव्यात. यावर उपाय शॅम्पूचा नव्हे, पाण्याचा आहे. ४ लिटर कोमट पाण्यात सुमारे १०० मिलिलिटर साधा पांढरा व्हिनेगर घालून ते एक्स्ट्रॅक्शन मशीनने फवारावे आणि लगेच ओढून घ्यावे. शॅम्पूचा क्षारी अंश आम्लाने मारला जातो आणि चिकटपणा सुटतो. पाणी सोडण्याची एक फेरी झाली की नुसते पाणी ओढण्याच्या किमान दोन फेऱ्या घ्याव्यात, आणि हे सारे आधी कपाटामागच्या वीतभर जागेत करून रंग टिकतो का ते पाहावे.

धागाच दुखावला असेल तर मात्र मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. कापलेल्या लवेच्या नायलॉनचा पीळ कारखान्यात उष्णता देऊन पक्का केलेला असतो. घर्षणाने तो एकदा उलगडला की फणीने विंचरून परत येत नाही. कोरड्या पडलेल्या पॅडखाली एकाच जागी फिरत राहिलेल्या यंत्राने टोके वितळतातही. उमेदवारीच्या काळात एका सभागृहात यंत्र चालू ठेवून मी कुणाशी तरी बोलत उभा राहिलो आणि खाली ताटाएवढे चकचकीत वर्तुळ तयार झाले. मालकांनी त्यावर कुंडी ठेवली आणि ती कित्येक वर्षे हलली नाही. केवळ टोके वितळली असतील तर बाकदार कात्रीने ती अगदी वरवर छाटता येतात. खोलवर गेले असेल तर तेवढा तुकडा कापून, कार्यालयाने राखून ठेवलेल्या शिल्लक कार्पेटचा तुकडा लवेचा कल जुळवून बसवणे एवढेच उरते.

कंत्राटदाराशी बोलण्यापूर्वी कार्पेटबरोबर आलेली निगेची पुस्तिका पाहावी. कापलेल्या लवेवर फिरत्या पॅडचे यंत्र चालवू नये असे अनेक उत्पादक लिहितात, आणि तसे लिहिले असेल तर भरपाईचा प्रश्न आपल्या बाजूचा होतो. पुढील वेळी परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन लांबट ब्रशांचे यंत्र आणि एन्कॅप्सुलेशन प्रकारचे द्रावण मागावे. हे द्रावण वाळताना मळाभोवती ठिसूळ कण बनतात आणि ते व्हॅक्यूमने निघून जातात, म्हणून मागे चिकटपणा राहत नाही.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या बँक शाखेत एक्स्ट्रॅक्शन मशीनने धुतल्यावर हातभर रुंदीचे आलटून-पालटून फिके आणि गडद पट्टे उरले. शिवाय धुताना नाहीसे झालेले चहाचे डाग तिसऱ्या दिवशी जसेच्या तसे वर आले. हे एकाच कारणाने झाले का?
— शाखा कर्मचारी, ठाणे

उत्तर : नाही, ही दोन वेगळी कारणे आहेत, जरी दोष एकाच दिवसाच्या कामाचा असला. पट्ट्यांची रुंदी ओढण्याच्या दांड्याच्या तोंडाएवढी आहे का ते मोजून पाहावे. तेवढीच असेल, तर प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर चार-पाच सेंटिमीटर चढवलेली नाही आणि मधली पट्टी कोरडी राहिली. पट्टी त्याहून अरुंद असेल, तर फवाऱ्याच्या तोट्यांपैकी एखादी क्षाराने बुजली आहे. दांडा कोरड्या फरशीवर धरून फवारा सोडला की पाण्याच्या पंख्यात पडलेली खिंड लगेच दिसते. तोटी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की बहुधा मोकळी होते, तिच्यात टाचणी घालू नये. राहिलेल्या पट्ट्या मूळ फेऱ्यांच्या आडव्या दिशेने एकदा धुऊन काढाव्यात.

चहाचे डाग परत येण्याचे कारण केशाकर्षण. चहा लवेतून खाली तळाच्या अस्तरापर्यंत गेलेला असतो. भरपूर पाण्याने तो विरघळतो, आणि वरचे टोक आधी वाळू लागले की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसा तो धाग्यातून वर चढतो. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत, त्यातही रात्री एसी बंद असलेल्या शाखेत, कार्पेट वाळायला फार वेळ लागतो आणि तेवढा वेळ ही चढण चालूच राहते. आता पुन्हा पाणी ओतू नये. प्रत्येक डागावर थोडेच पाणी फवारून वर चार-पाच पदरी पांढरा पंचा ठेवावा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि एखादे जड बाड ठेवून रात्रभर सोडावे, म्हणजे डाग लवेऐवजी पंच्यात चढेल. एका रात्रीत गेला नाही तर कोरडा पंचा घेऊन दुसरी रात्र. धुलाईनंतर पंखे जमिनीलगत वारा जाईल असे लावावेत आणि एसी किमान त्या रात्री चालू ठेवावा. विजेचे बिल येईल, पण ते दुसऱ्या धुलाईच्या बिलापेक्षा कमीच असेल.

प्रश्न : पणजीतील आमच्या हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये धुलाईयंत्र ठेवण्याच्या जागी कार्पेटवर पिवळट-तपकिरी ठिपके आले आहेत. कोणत्याही द्रावणाने जात नाहीत.
— हाउसकीपिंग पर्यवेक्षक, पणजी

उत्तर : ठिपके चाकांखाली आहेत की यंत्राच्या लोखंडी भागाखाली, हे पाहावे. लोखंडाखाली असतील आणि रंग विटकरी असेल, तर तो गंज आहे आणि कार्पेटसाठी असलेल्या ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने, हातमोजे घालून, तो निघतो. नंतर साध्या पाण्याने खळबळून ओढून घ्यावे. चाकांखाली असतील, तर रबर फार काळ टिकावे म्हणून त्यात मिसळलेली रसायने धाग्यात उतरून पिवळी पडली आहेत, आणि तो रंग मळ नव्हे, म्हणून निघत नाही. कार्पेट चौकोनी तुकड्यांचे (टाइलचे) असेल तर अशा जागी ती टाइल बदलणेच बरे. ५० सेंटिमीटर चौरसाची टाइल उचलताना तिच्या पाठीवरचा बाण पाहून नवीन टाइलचा बाण त्याच दिशेला ठेवावा, नाहीतर रंग एकच असूनही ती परकी दिसेल. यापुढे यंत्र रात्री फरशीवर ठेवावे आणि चाके डाग न पाडणाऱ्या राखाडी प्रकारची बसवून घ्यावीत.

आपण पत्राच्या शेवटी व्हॅक्यूमच्या ब्रशने ओढून काढलेल्या धाग्याविषयी विचारले आहे. फासांच्या लवेत (जिथे धाग्याची टोके न कापता फास तसेच ठेवलेले असतात) असा धागा कधीही ओढू नये, कारण पाठोपाठ सगळी रांग उसवत जाते. वर आलेला भाग लवेच्या पातळीला कात्रीने कापावा; धागा आधीच लांबवर उसवला असेल तर तो न कापता कार्पेटच्या गोंदाने, एकेक फास टाचणीने जागेवर बसवत, परत चिकटवावा.