"आईला सांगू नका हं मॅडम, तिला झेपणार नाही"

मी समुपदेशक, कॅन्सर झाल्याचं पेशंटपासूनच लपवायला सांगणारं हे वाक्य मी सोलापुरातल्या माझ्या केबिनमध्ये इतक्यांदा ऐकलंय, कधी मुलगा म्हणतो, कधी नवरा, एकदा तर सख्खी बहीण. म्हणून एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, सून घरी, आणि छप्पन्न वर्षांच्या आई शेंगाचटणी करून विकणाऱ्या. डाव्या स्तनात गाठ लागत होती पण पाच महिने कुणाला बोलल्या नाहीत, का तर "दुखत नव्हती की". बायांनो, तीच तर फसगत आहे, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट आला, कॅन्सरच निघाला आणि घरात ठरलं की आईला पू झालाय असं सांगायचं आणि बार्शीला न्यायचं.

मुलगा माझ्यासमोर बसून सगळं बोलला, पण "ते", "तो आजार", "तसलं काहीतरी" असंच. मी म्हटलं, नाव घ्या ना. तर पाण्याचा ग्लास नुसता फिरवत बसला.

"झेपणार नाही म्हणता ते नक्की कुणाला?"

"आईलाच की."

"आई रडल्या तर तुम्ही काय कराल?"

यावर तो बराच वेळ गप्प, मग एकदम म्हणाला, "मला बघवणार नाही मॅडम. वडील गेले तेव्हाबी मी घराबाहेरच उभा होतो." आणि रडला, पहिल्यांदाच. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराची, प्रसंग आणि त्रास यांच्या मधे आपली एक समजूत उभी असते ती हुडकायची. इथे ती आईबद्दलची नव्हतीच, स्वतःबद्दलची होती. त्या दिवशी उठताना तो "कॅन्सर" हा शब्द पूर्ण बोलला.

पुढच्या वेळी आईंना एकटीलाच भेटले. मी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?"

त्या पदर सावरत म्हणाल्या, "पू झाला तर बार्शीला कशाला नेतील बाई? कशाला नेतात ते इथल्या लहान पोरालाबी ठावं हाय. पण पोरांना सांगू नका हं मला कळलंय म्हणून, त्यांना झेपायचं नाही."

बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, तिथे १९८७ पासून खेड्यापाड्यातल्या कॅन्सरच्या नोंदी ठेवल्या जातात, आपल्या जिल्ह्यात त्या गावाचं नाव घेतलं तरी माणूस समजून जातो. सून नंतर म्हणाली, महिनाभर झाला, सासूबाई मला चटणीतलं मीठ-तिखटाचं माप शिकवायलेत. म्हणजे त्या निघायची तयारी करत होत्या आणि घरात सगळे पू पू करत होते! एकाच छताखाली, सगळे एकटे.

म्हणून माझं सांगणं, आधी पेशंटला विचारा तिला काय माहितीये, किती ऐकायचंय. "मला नको, पोराला सांगा" म्हणाली तर तेही ऐका. एका दमात सगळं ओतू नका आणि "काही होणार नाही" अशी गॅरंटी देऊ नका, "आम्ही बरोबर आहोत" एवढं पुरतं. किमोत केस गळायला लागले की पू झाल्याची थाप कशी टिकणार? सुई टोचली की कॅन्सर पसरतो असं कुणी पाहुणा सांगेल, त्यात तथ्य नाही, बायोप्सीशिवाय नेमकी ट्रीटमेंट ठरतच नाही. आणि घराण्यात कुणाला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, स्तनाच्या कॅन्सरमधले जन्मजात जनुकातून येणारे साधारण ५ ते १० टक्केच असतात. गाठ, कातडीला खळी पडणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, घरातलं कार्य उरकायची वाट बघू नका.

तिसऱ्या भेटीला मायलेक एकत्र बसले. मुलगा म्हणाला, "आई, तुला कॅन्सर आहे." त्या म्हणाल्या, "व्हय रे राजा." आणि त्याचा हात ओढून मांडीवर घेतला. मी काहीच बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

चौथ्या किमोनंतर सून चटणीची पुडी देऊन गेली. आईंचं तोंड आलंय म्हणून त्यांनी चाखली नाही, नुसता वास घेऊन म्हणाल्या म्हणे, लसूण अजून कमीच पडतोय.