रेखाटनं भिंतीवर का दिसत नाहीत?

प्रश्न : जूनमध्ये एडिंबराला मुलीकडे जाणार आहे. तिथल्या राष्ट्रीय कलादालनात अठराव्या शतकातला स्कॉटिश चित्रकार ॲलन रॅमसे याची खडूतली रेखाटनं आहेत म्हणतात. मुलगी दोनदा जाऊन आली, तिला तैलचित्रंच दिसली. रेखाटनं असतात कुठे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पेट्यांत, अंधारात. आणि ते योग्यच आहे. तैलचित्राला साधारण 200 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड चालतो, कागदाला 50च. तेवढ्यानेही हानी थांबत नाही, ती साठत जाते. 50 लक्स, रोज 7 तास, 90 दिवस म्हणजे 31,500 लक्स-तास. म्हणून काही महिने मांडलेलं रेखाटन पुढे बराच काळ पेटीत विसावतं.

तांबडा खडू हा गेरूचाच भाऊबंद, लोहाचा. त्याचा रंग सहसा उडत नाही. बिघडतो कागद : पांढरा पिवळा पडतो, निळा करडा होतो. जलरंगात नीळ फार नाजूक. करड्या ढगासाठी नीळ आणि तांबडा मिसळलेले असले, तर नीळ उडते, आकाश गुलाबी होतं आणि आपण ती चित्रकाराने रंगवलेली संध्याकाळ समजतो! याच दालनातली टर्नर या इंग्लिश चित्रकाराची 38 जलचित्रं, ती दालनाला देणाऱ्या हेन्री वॉन यांच्या मृत्युपत्रानुसार, फक्त जानेवारीत मांडतात. तेव्हा तिथला उजेड सर्वांत मंद असतो.

तुम्ही असं करा. दालनाच्या संकेतस्थळावर रॅमसेचं नाव शोधा. ‘डी’ने सुरू होणारे क्रमांक रेखाटनांचे, ‘एनजी’चे चित्रांचे. पाच-सहाच निवडा, हातांचे अभ्यास, म्हणजे चित्राआधी केलेली हातांची रेखाटनं, जरूर घ्या. रॅमसेचं कसब तिथे उघडं दिसतं. मग ते क्रमांक दालनाला कळवून त्यांच्या अभ्यासिकेत पाहण्याची वेळ मागा, निघण्याच्या बऱ्याच आधी. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. टिपणं पेन्सिलीनेच. कागदाला बोट लावू नका, माउंटची (रेखाटनाभोवतीच्या जाड पुठ्ठ्याची) कड धरा. चित्रावर वाकून बोलूही नका, थुंकीचा थेंब डाग पाडतो.

प्रश्न : पेशव्यांचं चित्र काढणारा जेम्स वेल्स स्कॉटिशच ना? त्याचं काम तिथेच शोधावं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हो, तो स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा. पण सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं त्याचं तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याची आणि पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांची रेखाटनं पाहायची, तर अमेरिकेतलं येल विद्यापीठाचं ब्रिटिश कलाकेंद्र गाठावं लागतं.